स्वतः पाहिलेली पातळी

आण्णा गेल्यानंतर बाराव्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांचा निरोप आला.

मी पुण्याच्या घरी स्वयंपाकघरात होते. दूध तापत ठेवलं होतं. फोनवर आण्णांचं नाव दिसलं आणि बोटानं सवयीनं ते दाबलंही.

"पद्मा, अभि, शुभ सकाळ. सांगली, आयर्विन पूल. सकाळचे सात. कृष्णेची पातळी अकरा फूट दोन इंच. पाऊस नाही. स्वतः पाहिली. मी ठीक आहे."

सहा वर्षं रोज सकाळी मी हीच वाक्यं ऐकली होती, फक्त आकडा बदलायचा. दूध उतू गेलं. मी ओटा पुसला, मग निरोप पुन्हा ऐकला, आणि मग मला आठवलं की ही सोय मीच विकत घेऊन ठेवली आहे.

तिचं नाव 'ठेवा'. 'निरोप' हे अ‍ॅप तोवर घरोघर झालं होतं, आणि ठेवा ही त्याच कंपनीची जोडसेवा. आपल्या माणसाचे बोललेले निरोप ती एका ठिकाणी जमा करते, आणि माणूस गेल्यावर त्याच आवाजात बोलत राहते. वर्षभरापूर्वी आण्णांच्या वाढदिवसाला मी ती घेतली होती. त्यांना कौतुकानं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले होते, "अगं, अजून हाय की मी जिवंत."

आम्ही दोघंही हसलो होतो.

आण्णा, म्हणजे भूपाल चौगुले, पाटबंधारे खात्यात होते. रोज ठरल्या वेळी घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, शेवटच्या कोरड्या पायरीवर उभं राहून पुलाच्या खांबावर रंगवलेला आकडा वाचायचा, वर यायचं आणि वरच्या कार्यालयाला कळवायचं. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. पावसाळ्यात दर तासाला, इतर वेळी दिवसातून तीनदा. त्यांचा एकच नियम होता, जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते कळवायचं नाही.

एका महापुरात वरच्या अंगाच्या ठाण्यावरच्या कोळेकरांनी रात्रभर घरात बसून अंदाजानं आकडे कळवले. अंदाज बरोबर निघाला, कुणाचं काही बिघडलं नाही. पण आण्णांना ते समजलं आणि त्यांनी कोळेकरांशी बोलणं सोडलं, ते कायमचं. कोळेकरांच्या मुलाच्या लग्नाला गेले, अक्षता टाकल्या, न जेवता परत आले. आई तेव्हा होती. ती म्हणाली, इतकं काय ताणायचं, आकडा बरोबरच होता ना. आण्णा म्हणाले, "अंदाज बरोबर आला म्हणून पाहिल्यासारखा होत नाही."

ते निवृत्त झाल्यावर खात्यानं पुलाला एक यंत्र बसवलं. ते वरून लहरी सोडून पाण्याचं अंतर मोजतं आणि आकडा आपोआप सगळीकडे पोचवतं. आण्णांना त्याचा राग नव्हता, पण विश्वासही नव्हता. उन्हाळ्याच्या तोंडाला नदीत जलपर्णी माजते, तिचा गठ्ठा खांबाला अडकला की यंत्र पानांनाच पाणी समजतं, असं ते सांगायचे. म्हणून निवृत्तीनंतरही ते रोज सकाळी घाट उतरत राहिले. आकडा कळवायला कार्यालय उरलं नव्हतं, तेव्हा तो आम्हाला येऊ लागला, मला पुण्यात आणि माझ्या धाकट्या भावाला, अभिनंदनला, त्याच गावात दोन गल्ल्या पलीकडे.

*

त्यांचा फोन मी लावून दिला होता. ते अजून डोळ्यांसमोर आहे. सांगलीच्या घरी सोप्यात ते खुर्चीवर आणि मी खाली सतरंजीवर. निरोप अ‍ॅप उघडताना अटींचं पान आलं. आण्णांनी चष्मा चढवला.

"काय लिहिलंय यात?"

मी म्हटलं, काही नाही, सगळ्यांनाच असतं ते.

"वाचलंस का तू?"

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. हातात येईल ते वाचते, भेळेचा कागदसुद्धा उलगडून वाचते, यावरून घरात माझी चेष्टा व्हायची. आण्णांना वाटलं असणार, हिनं वाचलं नसेल असं होणारच नाही. मी म्हटलं, हो, आणि त्यांचं बोट धरून 'मान्य' या शब्दावर टेकवलं.

मी ते वाचलं नव्हतं. एकेचाळीस पानं होती.

*

ठेवा घेण्याआधी महिनाभर मला तिच्या जाहिराती दिसत होत्या. तेव्हा त्याचं विशेष वाटलं नाही, कारण माझ्या वयाच्या सगळ्यांनाच म्हाताऱ्या आई-बापांविषयी काही ना काही दाखवलं जातं. पण ती जाहिरात नेमकी होती. घाटावर बसलेले एक आजोबा, आणि खाली ओळ, 'रोजचा हा आवाज उद्याही हवा ना?' मी ग्रंथालयात टेबलाशी बसले होते. तिथल्या तिथे वर्षाची वर्गणी भरली.

त्याच सुमाराला अभिनंदनलाही जाहिराती येत होत्या. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंप आणि पंखे यांच्या पलीकडे तो फोनवर काही बघत नाही. तरी त्याला चपला दिसायला लागल्या, रुंद, पट्टा सैल करता येणाऱ्या, म्हाताऱ्या माणसांच्या. आण्णांचे पाय तेव्हा थोडे सुजत होते. ते म्हणायचे, उभं राहून राहून होतं, जुनंच आहे. अभिनं चपला मागवल्या. त्या इतक्या बरोबर बसल्या की तो मला फोन करून म्हणाला, "अक्का, या फोनला घरातलं सगळं कळतंय बघ. आपल्यापेक्षा हुशार झालाय."

मीही म्हटलं, हो रे, खरंच.

पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात, जेवून आडवे झालेले आण्णा दुपारच्या चहाला उठले नाहीत. डॉक्टर कुलकर्णी आमचे जुने. त्यांनी बसवून समजावलं, हृदयाचा पंप वर्ष-सव्वा वर्षापासून हळूहळू मंदावत आला असणार. मग म्हणाले, गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात दाखवायला आले असते तर गोळ्यांवर आणखी आठ-दहा वर्षं काढली असती. पण कळणार कसं, त्यांनी कधी तक्रारच केली नाही. त्यात कुणाचा दोष नाही, असंही ते म्हणाले.

ते वाक्य मी दोन महिने उशाशी घेऊन झोपले.

*

अभिला त्या निरोपांचा आधार झाला. तो सकाळी दुकानाचं शटर उघडायच्या आधी, पायरीवर उभा राहून, आण्णांची पातळी ऐकायचा. आकडा पुलावरच्या यंत्राकडून यायचा आणि आवाज ठेवाकडून. त्याची मुलगी शाळेला जाताना विचारायची, आजोबांची नदी किती झाली. मला पहिले काही दिवस तोच आधार होता. मग हळूहळू काहीतरी खटकायला लागलं, आणि काय खटकतंय ते सांगता येईना.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी आवाज मोठा करून, डोळे मिटून ऐकलं. आवाज आण्णांचाच होता. 'फूट' म्हणताना ओठ आवळण्याची लकबही तीच. पण हा माणूस पायऱ्या चढून आला नव्हता. शेवटच्या वर्षात 'कृष्णेची' आणि 'पातळी' यांच्यामध्ये आण्णा किंचित थांबायचे, जणू कुणी हाक मारली आणि वळून पाहिलं. मी ते म्हातारपणात जमा केलं होतं. या आवाजात ते थांबणं नव्हतं. हे आण्णा दोन वर्षांपूर्वीचे होते.

मी ठेवाच्या मदत-कक्षाला लिहिलं, वडिलांचा शेवटचा आवाज वेगळा होता, आम्हाला तो हवा आहे. दुसऱ्या दिवशी नम्र उत्तर आलं. आवाज उत्तम दर्जाचा असावा म्हणून गेल्या वर्षीच्या नऊ ऑगस्टनंतरचे ४२८ निरोप वापरलेले नाहीत, कारण त्या तारखेपासून ते प्रकृतीमुळे 'बाधित' अशी नोंद आहे.

मी उलट विचारलं, ही नोंद केव्हा झाली?

उत्तर आलं, नोंद त्याच दिवशी आपोआप होते.

नऊ ऑगस्ट. आण्णा जाण्याच्या चौदा महिने आधी. मला ठेवाची पहिली जाहिरात दिसली त्याच्या पाच दिवस आधी. तारखा मी फोनमध्ये तपासल्या. ग्रंथपालाला तारखा लावायची सवय असते.

*

कायद्यानं मला कंपनीकडून आण्णांचा तपशील मागता येत होता. तो जानेवारीत मिळाला आणि तो समजावायला मला बाणेरच्या कार्यालयात बोलावलं. तिथल्या तक्रार अधिकारी नीलोफर शेख माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी आधी पाणी दिलं, मग खुर्ची माझ्या बाजूला ओढून घेतली, समोर बसल्या नाहीत. मला त्यांचा राग धरायचा होता. तो धरवेना, याचाही राग आला.

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. फुप्फुसातली हवा गळ्यातल्या दोन पातळ पडद्यांवरून जाते, ते थरथरतात, तो आपला आवाज. हृदय मंदावलं की शरीरात पाणी साचू लागतं. पाय सुजलेले दिसतात ते नंतर. त्याआधी फुप्फुसात आणि त्या पडद्यांतही किंचित ओल धरते आणि थरथर बिघडते. ती इतकी बारीक असते की कानाला कळत नाही. यंत्राला कळते, पण कधीकधीच, कारण माणूस रोज वेगळं बोलतो, कधी झोपेत, कधी रागात, कधी गर्दीत. तुलना करायला त्याच माणसाचे तेच शब्द, त्याच वेळी, तशाच श्रमानंतर बोललेले हवेत. प्रयोगशाळेत त्यासाठी रुग्णाला जिना चढायला लावतात.

आण्णा रोज सात वाजता तेच शब्द बोलत होते, आणि घाट चढून आल्यावर बोलत होते. नदी खाली गेली की पायऱ्या जास्त, वर आली की कमी, आणि किती, ते पातळी सांगताना ते स्वतःच सांगत होते. नीलोफर म्हणाल्या, इतकी स्वच्छ मालिका आमच्या शास्त्रज्ञांना दुसरी मिळालेली नाही. बोलून झाल्यावर त्यांनी मान खाली घातली.

मी विचारलं, निरोप तर कुलूपबंद असतात ना? पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कुणाला ऐकता येत नाहीत, असं तुमची प्रत्येक जाहिरात सांगते.

"ते खरं आहे मॅडम. निरोप फोनमधून निघायच्या आधीच, फोनमध्येच, यंत्र गणित करतं. बाहेर जातो तो फक्त आकडा. आजपर्यंत आमच्याकडच्या एकाही माणसानं तुमच्या वडिलांचा आवाज ऐकलेला नाही."

"म्हणजे कुणालाच कळलं नाही."

"कुणालाच नाही. माणसाला कळलं असतं तर सांगावं लागलं असतं."

तो आकडा कुठे गेला, ते कागदावर होतं. नाव कुठेही विकलेलं नव्हतं, फक्त गट विकले होते. आण्णा एका गटात होते, 'हालचाल कमी होण्याच्या बेतात'. तो गट चपलावाल्यांनी घेतला, पाठ उचलता येणाऱ्या पलंगांवाल्यांनी घेतला, एका विमा कंपनीनं अशा लोकांना वगळण्यासाठी घेतला. मी आणि अभि दुसऱ्या गटात होतो. त्याचं नाव मी तीनदा वाचलं. 'आवाज गमावण्याआधीची मुलं'. तो गट कंपनीनं स्वतःच्याच ठेवा सेवेसाठी राखून ठेवला होता.

मी कागद पालथा ठेवला. मग विचारलं, त्यांना स्वतःला का नाही सांगितलं? एक ओळ. डॉक्टरांना भेटा, एवढंच.

नीलोफरनी दाराकडे पाहून घेतलं. म्हणाल्या, हा प्रश्न आत विचारला गेला होता. वकिलांचं म्हणणं असं की रोग आहे असं माणसाला सांगणं म्हणजे निदान, त्याला वैद्यकीय परवाना लागतो, चुकलं तर खटला होतो. रोग असावा असं दुकानदाराला सांगणं म्हणजे जाहिरात. तिला काही लागत नाही. आणि हे सगळं अटींमध्ये आहे, पान सव्वीस.

मी तिथेच पान सव्वीस वाचलं. सोप्या, चांगल्या मराठीत होतं. कुणालाही कळलं असतं. आण्णांना नक्कीच कळलं असतं. आणि कळलं असतं तर त्यांनी चष्मा काढून विचारलं असतं, आकडा तुम्हाला कळणार आणि मला नाही, असं कसं?

निघताना नीलोफरनी कागदावरच्या एका रकान्यावर बोट ठेवलं. तो निरोपाच्या वेळांचा होता. सहा वर्षांपूर्वी निरोप सात वाजून दोन मिनिटांनी निघायचा. शेवटच्या वर्षी सात वाजून पाच, मग आठ, शेवटच्या आठवड्यात सात वाजून तेरा. फोन मात्र त्याच जागी असायचा, घाटाच्या वरच्या टोकाला.

"ते वर येऊन बसत होते, मॅडम. दम खाऊन मग बोलत होते. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून असेल."

आम्हाला ऐकू गेलं नाही. त्यांनी आम्हाला फसवलं, आणि फसवता आलं नाही ते फक्त त्या यंत्राला. बसस्टॉपवर उभी राहून मी इतकाच विचार करत होते की आण्णांचा दम कुणी ऐकला असेल तर तो गिऱ्हाईक शोधणाऱ्यानं ऐकला.

*

आवाज पुसून टाकायला दोन्ही वारसांची संमती लागत होती. माझी दिली. अभिनं नकार दिला.

मी त्याला सगळं सांगितलं, कागद दाखवले. चपलांचं कळल्यावर तो उठून मागच्या अंगणात गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला. पण निरोप बंद करायला तयार होईना. म्हणाला, ज्यांनी केलं त्यांच्यावर खटला घाल, मी बरोबर येतो, दुकान बंद ठेवून येतो. आवाजानं काय केलंय?

मी म्हटलं, तो आवाज त्यांच्या यंत्रात आहे तोवर ते त्यावरच दुसऱ्यांचे बाप शोधायला शिकणार. शोधतील, आणि त्यांनाही सांगणार नाहीत.

"तुझं बरोबर असेल, अक्का. तू शिकलेली आहेस. पण तू पुण्याला असतीस. मी रोज त्यांच्या घरावरनं दुकानाला जातो. कुलूप बघतो, आणि मग सात वाजता ते बोलतात. तेवढं राहू दे की मला."

त्यात आणखी एक अडचण होती. ठेवा घेतल्यावर तिनं आण्णांचे सगळे जुने निरोप आमच्या फोनमधून उचलून स्वतःकडे नेले होते, फोनमधली जागा मोकळी व्हावी म्हणून. तेव्हा मला ते सोयीचं वाटलं होतं. आता तयार केलेला आवाज पुसला तर ज्यांवरून तो केला तेही पुसले जाणार होते. म्हणजे सहा वर्षांचे आण्णा.

फेब्रुवारीत मी ग्रंथालयातलं एक छोटं रेकॉर्डर घरी आणलं. जुन्या लोकांच्या मुलाखती घ्यायला आम्ही ते घेतलं होतं. ते कशालाच जोडलेलं नाही. फोनशेजारी ते ठेवून मी नऊ ऑगस्टनंतरचे निरोप एकामागून एक लावले, ४२८. कंपनीला नको असलेले. सव्वादोन तास लागले. पुढच्या पुढच्या निरोपांत तो थांबा मोठा होत गेला आणि आता तो मला ऐकू येत होता, प्रत्येक वेळी. शेवटच्या निरोपात 'मी ठीक आहे' म्हणायच्या आधी त्यांनी एक पूर्ण श्वास घेतला होता. आधीचे, चांगल्या आवाजातले सतराशेंहून अधिक निरोप मी घेतले नाहीत. का, ते मला नीट सांगता येणार नाही. ते कंपनीनं आधीच नेले होते असं वाटलं.

*

मार्चमध्ये अभिच्या मुलीच्या वाढदिवसाला सांगलीला गेले. पुलावरून रिक्षा जाताना खाली पाहिलं. नदी हिरवीगार होती. पुलाच्या खांबांना जलपर्णीचे गठ्ठे अडकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी अभिला उठवलं, घाटावर चल म्हटलं. तो कुरकुरला, देवळात जायचं का, नदीत काय ठेवलंय. तरी आला, लुंगीवर शर्ट घालून. इतकी वर्षं तो घाटापासून दहा मिनिटांवर राहत होता, पण आण्णांच्या बरोबर कधी खाली उतरला नव्हता. मीही नाही. ते रोज जातात म्हणून आम्ही कुणीच गेलो नव्हतो.

शेवटच्या कोरड्या पायरीवर आम्ही उभे राहिलो. पुलाजवळ पाणी दिसतच नव्हतं, नुसती पानं आणि मध्ये मध्ये जांभळी फुलं. आमच्या बाजूच्या खांबाशी मात्र थोडं उघडं पाणी होतं आणि त्याला लागून रंगवलेले आकडे.

सात वाजता अभिच्या हातातला फोन वाजला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज मोठा केला.

"पद्मा, अभि, शुभ सकाळ. सांगली, आयर्विन पूल. सकाळचे सात. कृष्णेची पातळी नऊ फूट सात इंच. पाऊस नाही. स्वतः पाहिली. मी ठीक आहे."

अभि मोटर दुरुस्त करणारा माणूस आहे, मीटर वाचल्याशिवाय हात लावत नाही. तो आणखी एक पायरी उतरला, त्याचा पाय पाण्यात गेला, आणि वाकून त्यानं खांब पाहिला. मग पुन्हा पाहिला.

"आठ फूट नऊ," तो म्हणाला.

मी म्हटलं, पानांमुळं. आण्णा सांगायचे.

"दहा इंचाचा फरक आहे." तो फोनकडे पाहत राहिला. "आणि स्वतः पाहिली म्हणतोय."

पहिल्यांदाच त्यानं त्या आवाजाला 'म्हणतोय' म्हटलं, 'म्हणताहेत' नाही.

खाली कुणी नव्हतं. पलीकडच्या काठावर एक बाई कपडे आपटत होती. अभिनं पाण्यातला पाय वर घेतला. मग म्हणाला, "कोळेकरकाका बरे होते गं. त्यांनी निदान स्वतःच्या आवाजात सांगितलं."

त्यानं विचारलं, आवाज पुसायला कुठं दाबायचं. मी दाखवलं. त्या वेळी आण्णांचं बोट मी धरलं होतं, या वेळी हात मागे बांधून उभी राहिले. पानभर मजकूर आला. अभिनं तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, ओठ हलवत, शाळेत वाचायचा तसा. मध्ये एकदा थांबून एका ओळीचा अर्थ विचारला. मी सांगितला. मग त्यानं दाबलं. फोननं विचारलं, नक्की? त्यानं पुन्हा दाबलं. आण्णांचं नाव यादीत राहिलं, त्याच्यापुढची जागा रिकामी झाली.

आम्ही वर चढायला लागलो. पाणी खाली गेलेलं होतं, त्यामुळे पायऱ्या पुष्कळ होत्या. मी मोजल्या, एकसष्ट. वर पोचेपर्यंत मला धाप लागली आणि अभिलाही. वरच्या टोकाला डाव्या हाताला एक दगडी ओटा आहे, एका माणसाला बसायला पुरेल असा, कडा झिजलेला. आम्ही दोघं त्यावर अंग चोरून बसलो.

थोड्या वेळानं श्वास जागेवर आला. अभि उठायला लागला, मग थांबला.

"अक्का, त्या कागदावर किती होतं? शेवटी त्यांना किती वेळ बसायला लागायचं?"

"अकरा मिनिटं."

तो पुन्हा बसला. दोघांचेही फोन खिशात होते. समोर पाहत आम्ही अकरा मिनिटं बसून राहिलो.